सेकंड माल

दिवसाला बाराशे टॉवेल माझ्या हातांखालून जातात.
ट्यूबलाइटखाली पसरायचा, तळवा फिरवायचा,
कुठं लूप ओढलाय, कुठं पीळ सैल पडलाय,
डोळ्यांआधी बोटांना कळतं.
सव्वीस वर्षं कळत होतं.

दसऱ्यानंतर कळेनासं झालं.
टॉवेल तसेच होते, बोटंच खरखरीत झाली.
कातडीचं टोक धाग्यात अडकायचं
आणि चांगल्या मालाला माझ्यामुळं खोट लागायची.
सुपरवायझर येमूल म्हणाला, मावशी, नखं काढा.
नखं नव्हती रे.
मीच उसवत होते.

आमच्या गल्लीत पाण्याचीही पाळीच असते,
पाचव्या दिवशी, नाहीतर सहाव्या, कधी मध्यरात्री.
ती आली की बायका घागरी घेऊन पळतात.
माझी तीन महिन्यांनी आली, मग पाच,
मी कुणाला हाक मारली नाही.

सोलापूरचा उन्हाळा मार्चात लागतो, पत्रा तापतो,
ते अंगवळणी आहे.
हा दुसरा उन्हाळा रात्री दोनला लागतो,
छातीतून वर, गळ्याला, कानांच्या पाळ्यांपर्यंत,
मग गार घाम, मग खाज.
काठवटीला वाळलेलं पीठ सुटावं
तसे पोटऱ्यांवरून पापुद्रे.
नवऱ्याला म्हटलं, जरा पाठ खाजवा.
त्यांनी झोपेतच खाजवली,
भलत्याच जागी.

वदिना म्हणाली, करडईचं तेल चोळ.
हरिणीनं तिची ट्यूब दिली, गुलाबाचा वास, वर ‘ग्लो’ लिहिलेलं.
चेहरा दोन दिवस असा लाल
की शेजारच्या बोगमबाईंनी विचारलं, भांडण झालं का घरात?

आईला कधी काही विचारलं नव्हतं.
ती विडी घरकुलात सूप मांडीवर घेऊन वळत बसायची,
तंबाखूच्या धुळीत तिच्या टाचा पोपडे धरलेल्या भिंतीसारख्या.
रात्री ती पायावर पाय घासायची, अंथरुणातून आवाज यायचा.
काय गं, म्हटलं की, एमी लेदु. काही नाही.
मला वाटायचं, म्हातारपण.
परवा हिशोब केला.
सत्तेचाळीस वर्षांची होती.

सिव्हिलमध्ये हत्तुरे मॅडमनी विचारलं, आंघोळ कशी करता?
म्हटलं, कढत पाण्यानं, घासणीनं,
साबण संपला असला तर कपड्याच्याच.
मॅडम हसल्या नाहीत.
म्हणाल्या, वय आहे ते, कातडीतलं तेल कमी होतं, पातळ होते ती,
तुमची चूक नाही.
कोमट पाणी घ्या. साबण काखेत नि जांघेत, बाकी नको.
बिनवासाचं साधं मलम, अंग ओलसर आहे तोवरच.
आणि पुसू नका. टिपा.

टिपा.
सव्वीस वर्षं टॉवेल तपासले,
तो वापरायचा कसा हे मला त्या बाईनं शिकवलं.

आमच्या घरात सगळे टॉवेल सेकंडचेच,
एकाची किनार वाकडी, एकाचा रंग अर्ध्यात बदललेला.
कोरा टॉवेल पाणी पीत नाही,
हे दुकानदार गिऱ्हाइकाला सांगत नाही.
दहा धुण्यांनंतर तो जरा माणसात येतो.
मी हरिणीच्या बाळंतपणातला काढला, पार विरलेला,
मोरीचं दार लावलं,
आणि गळा, खांदे, पोटावरच्या जुन्या रेघा,
एकेक जागा टिपत गेले
जसं दुसऱ्याचं अंग टिपावं.
बाहेरून नवरा ओरडला, पाणी गेलं का?
म्हटलं, आहे अजून. थांबा.

गळ्याची घडी काही गेली नाही.
खाजही अमावस्या-पौर्णिमेला येते म्हणा.
पण काल टेबलावर एक टॉवेल थांबवला.
येमूल म्हणाला, यात काय आहे?
म्हटलं, हात लावून बघ.
त्यानं लावला.
त्याला काहीच कळलं नाही.
त्याची कातडी अजून तिशीतली आहे.